किरणोपचाराच्या यंत्रामागचे होमी भाभा

कॅन्सरच्या रुग्णाला रेडिओथेरपी सांगितली की आपल्या भागात तिची नावे घरागणिक बदलतात. कुणी म्हणते शेक द्यायला सांगितले आहे, कुणी म्हणते लाईट घ्यायचे आहेत, कुणी सरळ करंट म्हणते. नावे निरनिराळी, भीती मात्र एकच. अंग भाजेल, रक्त जळेल, घरात लेकराबाळांना त्रास होईल. या भीतीपोटी काही रुग्ण अकोला, छत्रपती संभाजीनगर, नागपूर किंवा मुंबईला जातात, आठ-दहा दिवस उपचार घेतात आणि पुढचे सोडून गावी परततात. काही महिन्यांनी ते पुन्हा आमच्यासमोर येतात, तेव्हा गाठ आधीपेक्षा मोठी झालेली असते.

ज्या यंत्राची एवढी भीती वाटते, त्याचे नाव लिनिअर ॲक्सिलरेटर, बोलीभाषेत लिनॅक. ते एक छोटे कणत्वरक यंत्र आहे, म्हणजे विजेच्या बळावर सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र. अणूच्या पोटात काय आहे हे शोधण्यासाठी भौतिकशास्त्रज्ञांनी अशी यंत्रे बनवली आणि पुढे ती दवाखान्यात आली. आजचा लेख ज्यांच्यावर आहे, त्यांनी असे यंत्र स्वतः कधी बनवले नाही. ते डॉक्टरही नव्हते. तरीही या यंत्राच्या गणितात त्यांचे नाव आहे, आणि आपल्या देशात अशी यंत्रे बनवणाऱ्या संस्थांच्या मुळाशीही ते आहेत. ते म्हणजे डॉ. होमी जहांगीर भाभा. अणुऊर्जेचे जनक म्हणून शाळेच्या पुस्तकात त्यांची ओळख होते. कॅन्सरच्या उपचाराशी असलेले त्यांचे नाते मात्र फारसे सांगितले जात नाही.

आत्या आणि भाचा

होमी यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा वकील होते. वडिलांची बहीण मेहरबाई या जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. म्हणजे होमी हे दोराबजींच्या पत्नीचे भाचे. घरात पुस्तके भरपूर होती, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या होत्या आणि चित्रकलेचे शिक्षणही होते. मुलगा कॅथेड्रल शाळेत, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकला.

१९३१ मध्ये मेहरबाईंचे रक्ताच्या कर्करोगाने, म्हणजे ल्युकेमियाने, निधन झाले. त्या काळी या आजारावर परिणामकारक उपचार जवळजवळ नव्हतेच. पैसा, ओळखी, परदेशातले डॉक्टर, काहीच उपयोगी पडले नाही. दोराबजी या दुःखातून सावरले नाहीत. पुढच्याच वर्षी तेही गेले. जाण्यापूर्वी त्यांनी आपली संपत्ती विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली होती. त्या सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. आज बुलडाण्यातला साधा शेतकरीही ज्याला नुसते टाटा म्हणतो, ते हेच रुग्णालय.

आत्या गेल्या तेव्हा भाचा इंग्लंडमध्ये शिकत होता. त्यांच्या मृत्यूमुळे त्याने विज्ञानाची वाट धरली असे म्हणणे बरोबर होणार नाही, कारण ती वाट त्याने आधीच निवडली होती. पण ज्या ट्रस्टने आत्याच्या आजारामुळे रुग्णालय काढले, त्याच ट्रस्टकडे हा भाचा काही वर्षांनी भौतिकशास्त्राच्या संस्थेसाठी पैसे मागायला गेला.

इंजिनिअर व्हायला गेलेला मुलगा

१९२७ मध्ये होमी केंब्रिजच्या कीज कॉलेजात दाखल झाले ते यांत्रिक अभियांत्रिकी शिकायला. वडिलांची आणि दोराबजींची इच्छा सरळ होती. मुलाने इंजिनिअर होऊन यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जबाबदारी घ्यावी. होमींचे मन मात्र भौतिकशास्त्रात गुंतले. त्यांनी वडिलांना पत्र लिहून कळवले की कारखाना किंवा मोठी नोकरी यात आपला जीव रमणार नाही, आपल्याला भौतिकशास्त्रच करायचे आहे.

वडिलांनी रागावण्याऐवजी अट घातली. आधी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पूर्ण कर, मग गणितासाठी आणखी दोन वर्षांचा खर्च देतो. मुलाने १९३० मध्ये पहिला वर्ग मिळवून अट पुरी केली आणि १९३२ मध्ये गणिताची परीक्षाही त्याच दर्जाने दिली. दहावी-बारावीच्या निकालानंतर ज्या घरांत मुलाच्या शाखेवरून वाद होतात, त्यांनी या वडिलांची आठवण ठेवावी. इंजिनिअरिंगची ती वर्षेही वाया गेली नाहीत. पुढे संस्था, इमारती आणि यंत्रे उभारताना भाभांना नकाशा कळत होता आणि पोलादही कळत होते.

१९३२ चे केंब्रिज

भाभा ज्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काम करू लागले, तिथे त्या वर्षी इतिहास घडत होता. रुदरफोर्ड तिचे प्रमुख होते. फेब्रुवारीत चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. एप्रिलमध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी काही लाख व्होल्टचा दाब वापरून प्रोटॉन कणांना वेग दिला, ते लिथियम धातूवर सोडले आणि लिथियमच्या अणुकेंद्रकाचे दोन तुकडे केले. माणसाने यंत्राने वेग दिलेल्या कणांकडून अणुकेंद्रक फोडून घेण्याची ही पहिली वेळ. तिकडे अमेरिकेत बर्कलेला लॉरेन्स यांचे सायक्लोट्रॉन चालू झाले होते. त्यात कणांना चुंबकाच्या साहाय्याने गोल गोल फिरवत, प्रत्येक फेरीत थोडा धक्का देत वेग वाढवला जातो. त्याच वर्षी अमेरिकेत अँडरसन यांना पॉझिट्रॉन सापडला. हा इलेक्ट्रॉनचा जुळा भाऊच, फक्त त्याच्यावरचा विद्युतभार उलटा.

मात्र फार मोठ्या ऊर्जेचे कण देणारी यंत्रे तेव्हा नव्हती. असे कण फक्त आकाशातून येत. आपल्या लोणारला आकाशातून आलेल्या अशनीने केवढे विवर केले हे आपण जाणतोच. अशनी क्वचित येते. पण अणूपेक्षाही लहान कणांचा मारा अवकाशातून पृथ्वीवर रात्रंदिवस चालू असतो. त्यांना विश्वकिरण म्हणतात. हे कण हवेवर किंवा शिशाच्या पत्र्यावर आदळले की पुढे काय होते, हा प्रश्न तरुण भाभांनी हाती घेतला. त्यांचे हत्यार म्हणजे कागद, पेन्सिल आणि नव्याने तयार झालेले पुंजभौतिकी. १९३५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

टक्कर आणि वंशावळ

याच काळात भाभांनी दोन मोठी कामे केली, आणि दोन्ही आज आपल्या उपयोगाची आहेत.

पहिले काम १९३५ चे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर झाली तर ते कोणत्या दिशेला आणि किती प्रमाणात फेकले जातील, याचे सूत्र त्यांनी काढले. यात एक मेख होती. हे दोन कण नुसते एकमेकांना वळवून निघून जाऊ शकतात. किंवा ते एकमेकांना नष्ट करून ऊर्जा होतात आणि त्या ऊर्जेतून तशीच नवी जोडी जन्माला येते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही. म्हणून हिशेबात दोन्ही वाटा एकत्र धराव्या लागतात, हे भाभांनी मांडले. या टकरीला आज जगभर भाभा विकिरण म्हणतात.

दुसरे काम १९३७ चे, हाइटलर या शास्त्रज्ञाच्या जोडीने केलेले. भरपूर ऊर्जेचा एक इलेक्ट्रॉन शिशात शिरला तर अणुकेंद्रकाजवळून जाताना तो वळतो, मंदावतो आणि क्ष-किरणासारखा ऊर्जेचा एक कण बाहेर टाकतो. हा ऊर्जाकण पुढे दुसऱ्या केंद्रकाजवळ इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्माला घालतो. ती दोघे पुन्हा ऊर्जाकण टाकतात, त्यांतून पुन्हा जोड्या निघतात. एखाद्या घराण्याच्या वंशावळीसारखे हे असते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दहा पिढ्यांत आकडा हजाराच्या पुढे जातो. प्रत्येक पिढीत ऊर्जा वाटली जाते, शेवटी ती इतकी कमी होते की वंश थांबतो. किती खोलीवर किती कण असतील, याचे गणित भाभा आणि हाइटलर यांनी बसवले. कणांच्या या सरीला इंग्रजीत शॉवर म्हणतात.

या गणितामागे कुठल्याही आजाराचा विचार नव्हता. विश्वकिरणांचे कोडे सोडवायचे होते, एवढेच. पण किरण शिशात शिरताना जे नियम पाळतात, तेच नियम ते माणसाच्या शरीरात शिरतानाही पाळतात. शिसे दाट, शरीर विरळ, एवढाच फरक. ऊर्जा नेमकी किती खोलीवर जमा होणार, हा प्रश्न विश्वकिरणांच्या अभ्यासकाला पडतो तसाच कॅन्सरच्या डॉक्टरलाही पडतो.

युद्धाने अडकवलेली सुट्टी

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी मुंबईला आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. परत जाणे शक्य नव्हते. ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. तिथे सी. व्ही. रामन होते. दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने भाभांनी विश्वकिरणांच्या संशोधनाचा विभाग सुरू केला. १९४१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

युद्ध संपल्यावर परत जावे असे त्यांना सुरुवातीला वाटत होते. पण बंगळूरच्या वास्तव्यात विचार बदलला. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहून भारतात मूलभूत भौतिकशास्त्राची अव्वल संस्था काढण्याची योजना मांडली. अणुऊर्जेचा वापर सुरू होईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, हा त्यामागचा हेतू. ज्या काळात देश स्वतंत्र नव्हता आणि अणुऊर्जा म्हणजे काय हे सामान्य लोकांना माहीतही नव्हते, त्या काळातले हे पत्र आहे.

ट्रस्टने होकार दिला. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, आधी बंगळूरला सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईला पेडर रोडवरच्या एका बंगल्यात आली. पुढे ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये आणि शेवटी कुलाब्याच्या समुद्रकाठी गेली. त्या इमारतीचे उद्घाटन १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी केले.

एका छताखाली अणू आणि कॅन्सर

स्वातंत्र्यानंतर भाभांच्या कामाचा वेग थक्क करणारा होता. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग, १९५४ मध्ये तुर्भ्याचे अणुऊर्जा केंद्र आणि स्वतंत्र अणुऊर्जा विभाग, ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी. १९५५ मध्ये जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली, तिचे अध्यक्ष भाभा होते.

या धामधुमीत कणत्वरकही येत होते. टीआयएफआरमध्ये १९५० च्या दशकात १० लाख व्होल्टचे कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन जातीचे यंत्र बसले. तरुणपणी केंब्रिजमध्ये ज्या यंत्राचा पराक्रम भाभांनी जवळून अनुभवला होता, त्याचाच हा वंशज. त्यानंतर तुर्भ्याला ५५ लाख व्होल्टचे व्हॅन डी ग्राफ जातीचे यंत्र आले. ही यंत्रे बाहेरून विकत घेतलेली होती. पण त्यांच्यावर काम करत एक पिढी शिकली. निर्वात नळ्या कशा जोडायच्या, उच्च दाबाची वीज कशी सांभाळायची, कणांची धार सरळ कशी ठेवायची, हे पुस्तकातून येत नाही.

टीआयएफआरमध्ये आणखी एक गोष्ट झाली. तिथल्या तरुणांनी टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक तयार केला. १९६० मध्ये तो कामाला लागला. त्याच्या आठवणीची क्षमता आजच्या साध्या मोबाइलच्या पासंगालाही पुरणार नाही. पण गणित करणारे यंत्र आपण स्वतः बनवू शकतो हा विश्वास तिथे रुजला.

आणि १९६२ मध्ये परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल अणुऊर्जा विभागाकडे सोपवण्यात आले. विभागाचे सचिव होते भाभा. रुग्णालय आरोग्य खात्याऐवजी अणुऊर्जा खात्याकडे कसे, असा प्रश्न आजही अनेकांना पडतो. उत्तर सोपे आहे. कॅन्सरचे निदान आणि उपचार यांत किरणांचा वाटा मोठा, आणि किरणांचे ज्ञान, कोबाल्टसारखे किरणोत्सारी पदार्थ आणि यंत्रे या खात्याकडे. पुढच्याच वर्षी परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. आत्याच्या नावाशी जोडलेले रुग्णालय आणि भाच्याने उभारलेली विज्ञानसंस्था अशा रीतीने एकाच छताखाली आल्या. नंतरच्या काळात पॅट स्कॅनसाठी लागणारे औषध बनवणारे भारतातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळलाच बसले. पॅट स्कॅनमध्ये शरीरात पॉझिट्रॉन सोडले जातात. तो पॉझिट्रॉन गाठीतल्या इलेक्ट्रॉनांना धडकत एखाद-दुसरा मिलिमीटर जातो आणि नष्ट होतो. त्याच्या त्या छोट्याशा प्रवासाचे गणित भाभांच्या १९३५ च्या सूत्रानेच होते.

यंत्राच्या पोटात

आता रुग्णावर फिरणाऱ्या लिनॅकच्या आत काय होते ते पाहू. एका टोकाला तापलेल्या तारेसारख्या भागातून इलेक्ट्रॉन निघतात. समोर हातभर लांबीची तांब्याची पोकळ नळी असते, आत हवा नसते. तिच्यात रडारसारख्या सूक्ष्मलहरी सोडतात. त्यांचे विद्युतक्षेत्र सेकंदाला सुमारे तीन अब्ज वेळा दिशा बदलते. नळीत एकापाठोपाठ एक खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीत इलेक्ट्रॉनला अचूक वेळी धक्का मिळतो. झोक्यावरच्या मुलाला योग्य क्षणी ढकलले की झोका उंच जातो, तसेच हे. ६० लाख व्होल्ट दर्जाच्या यंत्रात इलेक्ट्रॉन नळीच्या शेवटी प्रकाशाच्या ९९.७ टक्के वेगाला पोहोचतो. मग तो टंगस्टनसारख्या जड धातूवर आदळतो, मंदावतो आणि क्ष-किरण बाहेर पडतात. भाभा-हाइटलर वंशावळीतली ही पहिली पिढी. हे किरण धातूच्या झडपांमधून गाठीच्या आकाराचे करून रुग्णाकडे पाठवले जातात.

इथे कातडी भाजण्याच्या भीतीचे उत्तर मिळते. जुन्या दोन-अडीच लाख व्होल्टच्या क्ष-किरण यंत्रांत सर्वांत जास्त मात्रा कातडीवरच पडत असे. लोकांच्या मनातली भाजल्याची आठवण बहुधा त्या काळातली. लिनॅकचे किरण शरीरात शिरल्यावर इलेक्ट्रॉनांना पुढच्या दिशेने ढकलतात आणि ते इलेक्ट्रॉन काही अंतर जाऊन आपली ऊर्जा सोडतात. त्यामुळे ६० लाख व्होल्टच्या यंत्रात सर्वाधिक मात्रा कातडीवर नव्हे, तर सुमारे दीड सेंटीमीटर आत पडते. कातडी काळवंडते, कधी सोलवटते, थकवा येतो, तोंडाच्या उपचारात छाले येतात. हे त्रास खरे आहेत, त्यावर औषधे आहेत आणि ते बहुतेक वेळा काही आठवड्यांत ओसरतात.

आधी गणित, मग यंत्र

असे यंत्र तयार करताना करून पाहू आणि चुकले तर बदलू असे चालत नाही. तांब्याच्या खोलीचा आकार केसभर चुकला तरी लहरींचा ताल बिघडतो. टंगस्टन किती जाड ठेवायचे, झडपांतून किती किरण झिरपतील, भिंत किती रुंद हवी, हे सारे आधी संगणकावर ठरते. संगणकात लुटुपुटूचा एक इलेक्ट्रॉन सोडतात. तो पुढे वळेल की किरण टाकेल, हे जणू फासे टाकून ठरवायचे. फाशांवर मात्र भौतिकशास्त्राची खरी प्रमाणे कोरलेली असतात. असे लाखो, कोटी कण सोडले की कुठे किती ऊर्जा जमेल याचे चित्र उमटते. या पद्धतीला माँटे कार्लो म्हणतात.

या कामासाठी वैद्यकीय भौतिकीत फार वापरल्या गेलेल्या एका संगणक आज्ञावलीचे नाव ईजीएस आहे. त्यातल्या शेवटच्या अक्षराचा अर्थ शॉवर, म्हणजे कणांची तीच सर. तिच्यात पॉझिट्रॉनच्या टकरींचा हिशेब भाभांच्या सूत्राने होतो. लिनॅकच्या उपचारात पॉझिट्रॉन थोडेच तयार होतात हे खरे, पण रुग्णाच्या मात्रेच्या हिशेबात थोडेसुद्धा सोडून चालत नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या २७ किलोमीटर घेराच्या एलईपी यंत्रात तर इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांचीच टक्कर घडवत. यंत्र किती टकरी घडवते आहे हे मोजायला तिथले शास्त्रज्ञ भाभा विकिरणाच्या घटना मोजत. टीआयएफआरचे शास्त्रज्ञही तिथल्या प्रयोगात होते.

आपल्या विदर्भापर्यंत हा धागा आला तो सॅमीर या संस्थेमुळे. टीआयएफआरमधल्या सूक्ष्मलहरींच्या कामातून ही संस्था वेगळी झाली आणि १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झाली. तिने चंदीगडच्या संस्थांच्या साथीने भारतीय बनावटीचा पहिला वैद्यकीय लिनॅक १९९० च्या सुमारास तयार केला. त्यानंतर तिचे ६० लाख व्होल्टचे यंत्र वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बसले. भाभा अणुसंशोधन केंद्राने कोबाल्टवर चालणारे स्वस्त आणि दणकट यंत्र बनवले, त्याचे नाव भाभाट्रॉन. ते व्हिएतनामसारख्या देशांनाही दिले गेले. कोबाल्ट यंत्राला वीज कमी लागते, बिघाड कमी होतो. पण त्यातला कोबाल्ट साधारण सव्वापाच वर्षांत अर्धा होतो आणि उपचाराला वेळ जास्त लागू लागतो. लिनॅकमध्ये असा पदार्थच नसतो, बटण बंद केले की किरण बंद. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात २०२३ मध्ये प्रोटॉन उपचारही सुरू झाले. तिथे प्रोटॉनला वेग देऊन गाठीपाशीच ऊर्जा सोडायला लावतात. लहान मुलांच्या मेंदूजवळच्या गाठींसाठी हे फार मोलाचे आहे.

जे जमले नाही

भाभांचे चरित्र म्हणजे नुसती यशाची यादी नाही. अणुसंमीलनातून वीज दोन दशकांत मिळेल, असा अंदाज त्यांनी १९५५ मध्ये जिनिव्हात मांडला होता. तो अजून खरा ठरलेला नाही. अणुविजेची जी मोठी उद्दिष्टे त्यांनी ठेवली, तीही वेळेत गाठली गेली नाहीत. सगळे मोठे संशोधन सरकारी संस्थांत गेले आणि विद्यापीठे मागे पडली, अशी टीका त्यांच्या हयातीतच झाली. मेघनाद साहांसारख्या थोर शास्त्रज्ञाचा या धोरणाला विरोध होता. त्यांनी कलकत्त्यात सायक्लोट्रॉन उभारायला घेतले होते, पण ते पूर्ण व्हायला फार वर्षे लागली. आज आपल्या छोट्या शहरांतल्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलाला खरे त्वरक यंत्र डोळ्यांनी पाहायलाही मिळत नाही, तेव्हा साहांची टीका अगदीच चुकीची नव्हती असे वाटते.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला जाताना भाभांचे एअर इंडियाचे विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळले. विमानातले सर्व ११७ जण दगावले. भाभांचे वय ५६ होते. घातपाताच्या कथा आजही फिरतात, पण त्यांना पुरावा नाही. विमान नेमके कुठे आहे याबद्दल वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्यात झालेला गैरसमज, हे कारण चौकशीत पुढे आले. ते अविवाहित होते. त्यांनी काढलेली रेखाचित्रे, त्यांनी वाचवलेली झाडे आणि त्यांनी उभ्या केलेल्या संस्था मागे राहिल्या. वर्षभराने तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

आपल्यासाठी

२०११ च्या जनगणनेनुसार बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार. दहा लाख लोकांमागे किमान एक किरणोपचार यंत्र असावे, असा ढोबळ निकष सांगितला जातो. त्या हिशेबाने आपल्या एका जिल्ह्यालाच दोन-तीन यंत्रे लागतात. प्रत्यक्षात किरणोपचारासाठी आपल्या बहुतेक रुग्णांना जिल्ह्याबाहेरचा रस्ता धरावा लागतो. आयात केलेले यंत्र कोटींच्या घरात जाते, बिघडले तर सुटा भाग परदेशातून येईपर्यंत रुग्ण ताटकळतात. म्हणून देशी यंत्र हा निव्वळ अभिमानाचा विषय नाही. ते जवळ असणे म्हणजे सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत उपचार अर्धवट न सोडता घरी राहून पूर्ण करता येणे.

यंत्र जवळ येईल तेव्हा येईल. तोवर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बाहेरून दिलेल्या किरणोपचाराने रुग्ण किरणोत्सारी होत नाही. घरी येऊन नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. एका वेळचा उपचार काही मिनिटांचा असतो, त्या वेळी दुखत नाही. तो बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असा काही आठवडे चालतो. मात्रा रोज थोडी देण्यामागे कारण आहे. निरोगी पेशी रात्रीतून सावरतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितके जमत नाही. मध्येच खंड पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना पुन्हा वाढायला अवधी मिळतो आणि आधीची मेहनत वाया जाते. लग्नकार्य, पेरणी, पाहुणे यांसाठी खंड पाडू नये. त्रास झाला तर उपचार सोडण्याआधी डॉक्टरांना सांगावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचाराचा समावेश आहे. निघण्यापूर्वी रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत घ्यावे आणि योजनेत असलेल्या रुग्णालयाची चौकशी जिल्हा रुग्णालयातच करावी. तंबाखू आणि खर्रा मात्र आजच सोडावा, कारण तोंडाच्या कॅन्सरला रोखणारे त्याहून स्वस्त यंत्र कुठल्याही देशात बनलेले नाही.